तिसऱ्या हाकेला ओ

ऐका रे! चुलीजवळ सरका, आणि त्या खिडकीकडं बघू नका. काही नाही तिथं. बघू नका म्हटलं ना!

तर त्या दिवशी दिवेलागण झाली आणि आमचे मालक गुळाचे दोन ट्रक घेऊन निघाले. पुढचा मालकांचा, मागचा माझ्या भावाचा, दगडूचा; मालक त्याचे दाजी. मधे दोर नाही, साखळी नाही! दोन्हींत एकेक बिनतारी डबा, त्यानंच जोडलेले; बोलायचंही त्यातनंच. पुढच्यानं ब्रेक दाबला की मागच्याचा आपोआप लागतो. पुढचा वळला की मागचा त्याच्याच चाकोरीतनं वळतो. वारा पुढच्यानं खायचा, मागच्यानं आडोशानं पळायचं, म्हणून डिझेलही कमी पितो. अगदी आमच्या दगड्यासारखा, दाजींच्या आडोशाला सुखी!

निघताना मी मालकांना बजावलं, "एकुलता भाऊ आहे माझा. धड परत आणा. आणि खापरघाटात कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नका. भुताला तिसरी हाक येत नाही."

दगड्या खिदळला. "अक्का, आम्ही डब्यातनं बोलणार. डब्यात कसलं भूत शिरतंय!"

घाट लागला. धुकं! समोरनं दोन दिवे आले. मालकांनी कच्चकन ब्रेक दाबला, मागचा ट्रकही तिथंच थांबला. आणि समोर? काहीच नाही! चकवा लागला होता, बाबांनो!

पुढं बंद पडलेल्या जुन्या रस्त्यावर झगमगता ढाबा. भज्यांचा वास! दगड्या डब्यातनं ओरडतोय, "दाजी, भजी! थांबा की!" दाजी कसले थांबतात! तिथं ढाबा कधीच नव्हता. होती ती दरी.

मग चकवा चिडला. डब्यातनं हुबेहूब दगड्याचा आवाज. "दाजी! माझा ट्रक पेटलाय, डावीकडं घ्या!"

मालकांचा हात वळलाच होता. वळले असते तर मागचाही मागोमाग दरीत! पण त्यांना माझं बोलणं आठवलं. ओ दिली नाही, स्टेअरिंग सरळच धरलं.

"दाजी!" दुसरी हाक.

तिसरी? नुसती खरखर!

तेवढ्यात खरा दगड्या. "दाजी, दाजी, दाजी! अहो, तुमचा ट्रक डावीकडं चाललाय आणि माझा मला सरळ ओढतोय! स्टेअरिंग फिरवू का?"

"हात लावू नको! डावीकडचा मी नव्हे. हात मांडीखाली घेऊन बस!"

बसला की! पोरगा रडत होता, ट्रक मात्र बरोबर दाजींच्या मागं. चकव्यानं डब्यातनं आवाज काढला, मग ट्रक का वळवता आला नाही? अरे, पापणी लवायच्या आत हे डबे एकमेकांना ढीगभर हाका मारतात. चकव्याची मजल दोनापर्यंत! त्याला डबा कशाला ओ देतोय?

उजाडताना दोघं घाट उतरले. दगड्यानं खरी भजी खाल्ली, पोट फुटेस्तोवर. म्हणून सांगते, धुकं असलं की त्या वाटेनं जाऊ नका.

श्श! बाहेर कोण?

"अगं ए!"

मालकांचा आवाज वाटतोय. गप्प बसा.

"अगं ए!"

झाल्या दोन. हलू नका कुणी.

"अगं ए, दार उघड की! दगड्यानं भजी आणलीत, गार व्हायलीत!"

ओऽऽ! आले, आले!