बोटीच्या पंपात निघालेली पिसे

दि. १९ ऑगस्ट २०२५

मी गौतमी महेंद्र ओव्हाळ, वय ३६ वर्षे, धंदा बोट चालवणे व शेतमजुरी, राहणार नदीकाठची वस्ती, राहू, ता. दौंड, जि. पुणे. पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून, विचारल्यावरून खरे सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती महेंद्र व मुलगी यांच्यासह राहते. पती रांजणगाव येथील कंपनीत कामाला आहेत. आमची एक फायबरची बोट असून तिला मागील बाजूस लावायचे मशीन दोन वर्षांपूर्वी भिगवणकडून जुने घेतले. आमच्या वस्तीवरच्या बायका भीमा नदीच्या पलीकडे, शिरूर तालुक्याच्या हद्दीत, खुरपणीला जातात. पुलावरून जायचे तर फार लांब पडते, म्हणून मी त्यांना सकाळी सोडते व संध्याकाळी आणते.

सदर मशीन नदीचेच पाणी ओढून स्वतःला गार ठेवते. खाली पाण्यात बुडालेल्या भागाला जाळी असते. तिच्या आत पंप व त्यात रबरी पंखा असतो. पाणी नीट फिरत असेल तर मशीनच्या मागून बारीक धार बाहेर पडते. धार बंद झाली की मशीन तापते. हे मला पतीने पहिल्या दिवशी दाखवले होते.

मशीनने आधी त्रास दिला नाही. यंदा उन्हाळ्यात धार बारीक झाली. मी मशीन राहू येथील गॅरेजवाले अझरुद्दीन सुभान शेख यांच्याकडे नेले. त्यांनी पंप खोलला. पंख्याच्या पाकळ्या तुटून त्यांचे तुकडे वरच्या नळीत अडकले होते. त्यांनी नळी साफ केली, नवा पंखा बसवला व मशीन पाण्याच्या पिंपात उभे करून चालवून दाखवले. धार चांगली पडली. बोटीला लावल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा बारीक झाली. त्यांनी सील बदलले, आतली पत्र्याची चकती बदलली. पिंपात धार चांगली, नदीत बारीक. असे पुन्हा झाले तेव्हा ते स्वतः बोटीत बसले, नदीत एक फेरी मारली आणि काठावरच पंप खोलला.

आत पांढरी पिसे होती. पिवळ्या चरबीत कालवल्यासारखा गोळा पंख्याभोवती बसला होता. मशीनच्या उष्णतेने तो शिजला होता. वास आल्यावर अझरुद्दीन उठून लांब जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "ताई, मी उगंच मशीन खोलत बसलो. मशीनला काय झालं न्हाई. पाण्यातच घाण हाय."

आम्ही दोघे बोट वल्हवत वरच्या अंगाला गेलो. वळणाला पृथ्वीराज हरिभाऊ सातकर यांची पोल्ट्री आहे. तिच्या मागे उतारावर, बाभळीखाली, कोंबडीखाद्याच्या रिकाम्या गोण्यांत मेलेल्या कोंबड्या भरून टाकलेल्या होत्या. काही गोण्या फुटून जलपर्णीत गेल्या होत्या. आम्ही तिथे असताना एक कामगार गाडीतून आणखी गोण्या उतरवत होता. खालच्या अंगाला आमच्या वस्तीचा पाणवठा आहे.

मी पृथ्वीराज यांना शेडवर जाऊन भेटले. ते चहा पीत होते. मी सांगितले. ते म्हणाले, "उन्हानं पक्षी मरतो, त्याला मी काय करू? वाहत्या पाण्यात टाकलं की जातं पुढं."

मी म्हणाले, "पुढं आम्हीच ऱ्हातो."

ते म्हणाले, "मग मशीनला जाळी लाव. तुझं मशीन जुनं हाय, त्यात माझा काय दोष?"

मी कांद्याच्या गोणीची जाळी कापून मशीनला बांधली. प्रत्येक फेरीनंतर ती हाताने साफ करावी लागे. साबणाने व राखेने धुऊनही हाताचा वास जात नव्हता. त्या दिवसांत मुलीला जेवायला तिचे वडील वाढत. मी बायकांना बोट बंद ठेवते असे म्हणाले होते. विठाबाई म्हाळू भालेराव, वय अंदाजे ५८, ह्या आमच्या शेजारच्या. त्या म्हणाल्या, "नाक दाबून बसू बाई, पर कामाचा खाडा नगं." म्हणून मी बोट चालू ठेवली.

दि. १४ ऑगस्ट रोजी सकाळी मी विठाबाई व इतर बायकांना घेऊन निघाले. वरून धरणाचे पाणी सोडलेले होते, परंतु ते काठाच्या खाली होते व त्याआधीच्या दिवशीही मी फेरी केली होती. रात्रीतून पाणी वाढून उतारावरच्या गोण्या उचलल्या गेल्या असतील, हे माझ्या ध्यानात आले नाही. सर्वांच्या अंगात पाण्यावर तरंगायचे जॅकेट होते.

नदीच्या मध्यावर मेलेल्या कोंबड्या अडकून धार बंद पडली. मशीनचा भोंगा वाजू लागला व जळका वास आला. मी मशीन बंद करून वर उचलले. खालच्या भागाला एक अख्खी गोणी गुंडाळली गेली होती. ती फुटलेली होती. मी हात घालून ओढू लागले. सुटेना. बोट खालच्या अंगाच्या बंधाऱ्याकडे वाहू लागली. पावसाळ्यात बंधाऱ्याचे पाणी अडवायचे ढापे काढलेले असतात व खांबांमधून पाणी जोरात जाते. दोघी बायका वल्ही मारत होत्या. विठाबाई माझ्या शेजारी आल्या. जॅकेटमुळे त्यांना वाकता येईना, म्हणून त्यांनी गाठ सोडली. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "तू तिकडनं वढ, मी हिकडनं वढते." त्यांनी उघड्या हाताने गोणीचे दुसरे टोक धरले. त्यांना ओकारी येत होती, तरी सोडले नाही. गोणी सुटली. मी मशीन पाण्यात सोडून सुरू करायची दोरी ओढली, तेवढ्यात बोट खांबाला आपटली. विठाबाई पाण्यात गेल्या. जॅकेट माझ्या हातात राहिले.

आम्ही बाकीच्या जणी खांबाला धरून राहिलो. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी दोर टाकून आम्हाला बाहेर काढले.

विठाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या खाली, शिरूरच्या बाजूला, जलपर्णीत मिळून आल्या. तिथेच मेलेल्या कोंबड्यांचा थर जमा झाला होता. ओळख पटवण्यासाठी मला बोलावले. चेहरा दिसत नव्हता. तोंडावरची पिसे मी बाजूला केली. त्या विठाबाईच होत्या.

त्यांची मुलगी करुणा कवठे येमाई येथे दिलेली आहे. ती आली. तिने मला विचारले, "गौतमीताई, आईच्या अंगाला असला वास का येतोय?"

दि. १७ रोजी पृथ्वीराज आमच्या घरी आले. सोबत एक इसम होता, त्याला ते दादा म्हणत होते. पृथ्वीराज मला म्हणाले, "मशीन जुनं व्हतं, बंद पडलं, एवढंच सांग. तुला कुणी तरास देणार न्हाई. म्हातारीच्या सुनेला पोल्ट्रीत कामाला लावतो." जाताना त्यांनी उंबऱ्यावर एक पिशवी ठेवली. तीत सोललेल्या दोन कोंबड्या होत्या. पतीने काठीला अडकवून पिशवी त्यांच्या गाडीत परत ठेवली.

मेलेल्या कोंबड्या अडकून बंद पडलेले व आपण जप्त केलेले मशीन आज सकाळी पोलीस स्टेशनच्या आवारात पंचांसमक्ष उघडण्यात आले. अझरुद्दीन यांनी बोल्ट सोडले. झाकण निघताच दोन्ही पंच नाकाला रुमाल लावून फाटकापर्यंत मागे गेले. "दिसलं, दिसलं, लिहा" असे तिथून म्हणाले. मी म्हणाले, "जवळ येऊन बघा, मगच सही करा." ते आले. मी पंपातून पिसे, कातडे व कोंबडीचा एक पाय काढून त्यांच्यासमोर कागदावर ठेवला. रबरी पंखा नवाच होता व त्याच्या सर्व पाकळ्या शाबूत होत्या. मशीनच्या दांड्यात गोणीची एक चिंधी अडकलेली मिळाली. तिच्यावरची छपाई पोल्ट्रीच्या शेडमधील गोण्यांवर आहे तशीच असल्याचे मी पाहिले आहे.

तरी मेलेल्या कोंबड्या नदीत टाकून विठाबाई यांच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल माझी पृथ्वीराज हरिभाऊ सातकर यांच्याविरुद्ध तक्रार आहे.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. लिहिताना दोन ठिकाणी "कचरा अडकून" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मेलेल्या कोंबड्या अडकून" असे केले व त्या दोन्ही खाडाखोडींवर मी सही केली आहे.

(सही)
गौतमी महेंद्र ओव्हाळ