आपल्यासारखी पोरं

गिऱ्हाइकांचे फोन घ्यायच्या कामासाठी मी मुलाखतीला आले होते आणि बाहेर खुर्चीवर बसले होते. आत कंपनीचे दोघे तरुण मालक बोलत होते. काचेचं दार नीट लागत नव्हतं.

“अरे, गिऱ्हाइकांचे फोन कोणी उचलतच नाही.”

“तिघांना कामाला घेतलं की आपण!”

“तिघंही नुसती डोकी चालवतात. फोन वाजला की एकमेकांकडे बघतात.”

“पण पोरं झकास आहेत. अगदी आपल्यासारखी. रात्र रात्र ऑफिसात गेम खेळतात.”

“म्हणूनच म्हणतो, आता आपल्यासारखं नको. कामात मुरलेलं माणूस हवं.”

“बोलावलंय की! अर्ज बघून तूच म्हणालास, हेच हवं. पण अजून पत्ताच नाही.”

“बाहेर त्या बाई बसल्यात, त्या कोण?”

“कुणाची तरी आई असेल. पोरगं रात्री घरी गेलं नसेल.”