साहेबांचे स्वतःचे दात

नाही, टाळ्या वाजवायला माझी ना नाही हो, पण तुम्हाला सांगतो, आपल्याच कामाला दुसऱ्याच्या नावानं टाळ्या वाजवायच्या म्हणजे हात जड होतात! आणि सांगणार कुणाला?

झालं काय, माझ्या साडूचा सत्कार होता. पंचवीस वर्षं एकाच ऑफिसात, एकही रजा न घेता! आता हा काय पराक्रम झाला? घरात थारा नसला की माणूस ऑफिसातच बसणार!… जाऊ द्या. तर आम्ही दोघं पहिल्या रांगेत, आणि आमची ही कानाशी लागून म्हणते, "बघा, ताई कशी ताठ बसलीय. मी कधी बसायचं असं? तुमच्याबद्दल अभिमानानं सांगावं असं एक तरी काही आहे का हो?" आता मी काय करतो? कवळ्या करतो. डॉक्टर मापं पाठवतात, मी मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि कानस घेऊन बसतो. बावीस वर्षं झाली, निम्मं गाव माझ्या दातांनी जेवतं! पण डॉक्टरांचा दंडक आहे, कवळी कुणाची ते खोलीबाहेर गेलं की काम बंद. मग सांगणार कुणाला?

तेवढ्यात प्रमुख पाहुणे उभे राहिले. बडे साहेब, वय पंच्याहत्तर, आणि हसले… अन् मी खुर्चीत सावरून बसलो. अहो, माझे! वरचे चौदा, खालचे चौदा, सगळे माझे! गर्दीत आईला आपलं पोर ओळखू येतं की नाही, तसं. हिला कोपरानं ढोसावं, म्हणावं, अगं, अभिमान हवा होता ना, तो बघ माईकसमोर उभा आहे! पार ओठांवर आलं होतं, आणि साहेब म्हणतात, "मित्रहो, पदं आली नि गेली. मला अभिमान एकाच गोष्टीचा. या वयात बत्तीसच्या बत्तीस दात माझे स्वतःचे आहेत!"

बत्तीस? अहो, अठ्ठावीस केलेत मी! उरलेले चार आणले कुठून?

टाळ्यांचा नुसता कडकडाट! ही तर उभीच राहिली. "शिस्त लागते हो त्याला." म्हटलं, लागते ना, रोज झोपताना ग्लासात काढून ठेवायची… मनातल्या मनात हो! सांगणार कुणाला?

घरी येताना रस्ताभर साहेबांचे दात. कसे चमकतात, कसे शोभतात… बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? बायकोच्या तोंडून माझ्या कामाचं कौतुक बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो, नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं! मग कुलूप काढता काढता म्हणते, "तेवढा पुढचा एक दात किंचित वाकडा आहे हो त्यांचा."

अहो, तो वाकडा दात म्हणजे तर माझं सगळं कसब! तीनदा मेण वितळवून बसवलाय! सगळे सरळ बसवले की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं, कवळी आहे म्हणून. त्या एका दाताच्या जिवावर साहेब बत्तीसच्या थापा मारतात! म्हटलं, दंडक गेला खड्ड्यात, आता सांगूनच टाकतो. तोंड उघडलं, तर हिनं माझा हात धरला, किती वर्षांनी, आणि मायेनं म्हणते, "तुम्ही केला असतात ना, तर अगदी सरळ केला असतात. तेवढं मात्र मी कुणालाही अभिमानानं सांगेन."

म्हटलं, हो गं… सरळच केला असता.