बाजारादिवशी सुमनची गाडी गेली

लोणीच्या पुढं, सोलापूर रस्ता सोडून आत, कालव्याच्या अंगाला आमचं गाव, तिथंच जलमलो, शाळा दुसरीपातूर, मास्तरनं हातावर छडी मारली तवा पाटी तिथंच ठिवून घरी आलो ते परत गेलो न्हाई, बापानं लई मारलं पर न्हाई म्हंजे न्हाई. अक्षर लावून लावून वाचतो, सही मातर झोकात करतो. तालमीत अंग कमावलेलं, ते बघून ठाण्यातल्या साहेबानं मला गावच्या सुरक्षा दलात घेतलं, काठी दिली, शिट्टी दिली, दंडाला बांधायची पट्टी दिली. तवा गावात गाडी म्हंजे दूधवाल्याची फटफटी आन् सरपंचाची जीप. आता शेतं इकली, बंगले झाले, दारादारात गाडी, भाडेकरी आले, कोण कुणाचा काय कळंना. आन् सुरक्षा दल मोबाईलवर गेलं. पोरं म्हणली अण्णा, तुमचा फोन साधा, तुम्हाला ग्रुपवर कसं घेणार. म्हणलं नका घेऊ, शिट्टी मातर मी देणार न्हाई.

आता सुमनचं सांगतो. सुमन म्हंजे माज्या पुतण्याची बायको. पुतण्या झाडावरनं पडला, कंबर गेली, खाटंवर हाय. मग घरची पिकअप तिनं हातात घेतली, पहाटं गावची भाजी भरून मार्केट यार्डाला न्हेती. साडीवर शर्ट घालून इस्टेरिंगवर बसली की आमच्या बाया हसायच्या, आता त्यांचीच मेथी तिच्या गाडीत जाती. गाडी घेतली तवा पुतण्यानं मागच्या फळीवर तिचं नाव रंगवून घेतलेलं, हे एवढं मोठं, सुमन.

बाजाराचा दिवस हुता. गाडीची बॅटरी उतरायची म्हणून ती शाळेजवळच्या उतारावर लावायची, तशी लावून नवऱ्याला जेवाय घालाय घरी गेली. मी पारावर बसलेलो. बघतो तर एक माणूस, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, तिच्या गाडीत बसून हात करतोय, जरा धक्का द्या की. आता आमच्याकडं कसं हाय, बंद गाडी दिसली की हात लावायचा, कुणाची, कुठली, इचारायचं न्हाई, इचारलं तर आपणच हलके ठरतो. धावली चारपाच जणं, त्यात ग्रुपवरचीबी हुती. मी आडवा गेलो. कुणाचा रं तू. म्हणला सुमनताईंनी पाठवलंय बाबा, गॅरेजला न्हेतोय. म्हणलं ते तर मागं लिवलंय, तिच्या नवऱ्याचं नाव सांग. तो हसला, तशी आमची पोरंबी हसली. अण्णा, पाव्हण्याची उलटतपासणी घेता व्हय, सरका, पायावर चाक जाईल. एकानं मला दंडाला धरून बाजूला केलं, खुर्ची सरकवावी तसं. काय सांगू तुम्हाला, कधीकाळी ह्याच दंडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

गाडी उतारानं सुरू झाली. मी शिट्टी फुकली, छाती फुटंस्तोवर फुकली. पर बाजारात खेळण्यांची पाटी घेऊन बाई बसलेली, निम्मी लेकरं शिट्ट्याच वाजवत हुती, मागं कोण बघणार.

सुमन आली, चावी हातात, बघती तर तिथं नुसता तेलाचा डाग. अण्णा, गाडी कुणी हलवली. धक्का देणारी पोरं खाली बघाय लागली.

ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस, तक्रार घेतली, म्हणला वायरी जोडून चालू केली असणार. चौकातला कॅमेरा बघू म्हणला, तर त्याच्यापुढं आमच्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पोरांनी ग्रुपवर गाडीचा फोटो टाकला, म्हणं हात जोडलेली चित्रं लई आली.

परवा हवालदारानं मला बाजूला घेतलं. आजोबा, गाडी सुटी करून इकली असंल, आशा सोडा. मी तिला सांगितलं न्हाई. ती आता दुसऱ्याच्या रानात खुरपाय जाती, सांजच्याला येताना पारापाशी थांबती, म्हणती अण्णा, ठाण्यातनं काय कळलं का. मी म्हणतो बघत्यात, साहेब बघत्यात. ती बरं म्हणती, पदर सारखा करती आन् घराकडं जाती. देव तिचं भलं करो. मला तर उद्या तिला काय सांगावं तेच कळंना.