चांगल्या दगडांची नोंद

वहिनी, मंडळी, आणि गिरणीतले जुने सोबती. बोलायला उभा राहिलोय खरा. गोविंददादांच्या फोटोकडे मला बघवत नाहीये.

दादा गिरणीत कापड तपासायचे. मी त्यांच्या हाताखाली. तपासणाऱ्याची रीत काय? कापड समोरून सरकत जातं, आपण फक्त दोष लिहायचा. तुटलेला धागा लिहायचा, डाग लिहायचा. चांगल्या कापडाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

गिरणी बंद पडली आणि दादांनी नदीवरच्या पुलांचा नाद धरला. आधीचा लाकडी साकव, पुरात गेलेला. मग दगडी पूल, ज्यावरून आपले बाप आंबिवलीकडून गिरणीत पाळीला यायचे. सगळा इतिहास तोंडपाठ. दर पावसाळा संपला की दगडी पुलाखाली उतरायचे आणि वहीत लिहायचे. कसं लिहायचे? कापडासारखंच! इथे भेग, तिथे चुना निघालाय.

पूल पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा बांधकाम ऑफिसातले साहेब गोड बोलले. "काका, वही द्या, पूल वाचवायला उपयोगी पडेल." दादा तयार नव्हते. मीच म्हटलं, "द्या हो दादा, चांगला माणूस आहे." मीच!

आणि सभेत काय झालं? साहेबांनी तीच वही मोठ्याने वाचली. नुसत्या भेगा. म्हणाले, "यांचीच वही सांगतेय, पूल धोकादायक आहे." दादा उठले. "अहो, जे धड आहे ते आम्ही लिहीतच नाही!" लोक हसले. हो, आपलेच लोक हसले. दादांनी माझ्याकडे बघितलं. त्या हॉलमध्ये गिरणीत कापड तपासलेला दुसरा माणूस मी एकटा. अरे, एक वाक्य बोलायचं होतं मला! पण मुलाच्या नोकरीचं साहेबांच्याच ऑफिसात चाललेलं. मी मान खाली घातली.

पूल पाडला. दादांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, तेच जास्त लागलं. "चहा घेतोस का रे?" एवढंच विचारायचे.

साहेबांनी फसवलं, खरंय. पण साहेब परका. दादांना फसवलं ते मी. वहिनी, त्यांनी तुम्हाला हे सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतोय.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत राहा. मी मात्र बोलणार आहे.

दादा, मधला खांब जागचा हलला नव्हता. चारही कमानी धड होत्या. तुमच्याबरोबर खाली उतरून मी डोळ्यांनी बघितलेलं.