वाऱ्याचा डोळा आणि कूलर

आमचा शेजारी मेश्राम आता कूलर बसवायला बोलावलं की आधी माझ्या बायकोला विचारतो, "भाऊ घरी आहेत काय?" त्याचं कारण ऐका.

सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरला दर उन्हाळ्यात कूलर लागतो. मेश्राम तो बाहेरून उचलून खिडकीशी धरतो आणि मी खाली लोखंडी स्टँड सरकवतो. त्या दिवशी त्याने कूलर उचलला आणि मला सकाळी वाचून डायरीत टिपलेलं आठवलं.

"मेश्राम, विंडो शब्दाचा मूळ अर्थ काय, माहीत आहे? वाऱ्याचा डोळा! जुन्या नॉर्स भाषेत..."

"भाऊ, पहिले स्टँड लावा. हात सुटून राहिले."

"थांब, चुकीचं सांगायला नको," म्हणून मी डायरी आणायला आत गेलो.

परत आलो तर बायको कूलरला खांदा देऊन उभी. मेश्राम कण्हला, "डोया हाय म्हनता, तं त्याच्यात कूलर कावून कोंबून राहिले?"

मी स्टँड सरकवला.

चहा आला, पण मेश्रामचे हात इतके थरथरत होते की त्याला कप धरवेना.

"वहिनी, कप यायच्याच हाती द्या," तो म्हणाला. "हे धरून उभे राहतीन, अन् कप शब्द कुठून आला ते मी बसून सांगतो."