बावीस वर्षांची वही

कारखान्याच्या ऑफिसबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक वेल्डर बसला होता. मांडीवर स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म. समोर त्याचा इंजिनियर भाचा उभा.

"मामा, सहीची घाई करू नका."

"घाई कसली? आज शेवटची तारीख. तू आधी सांग, नव्या गाडीच्या तळाला जोड किती?"

"एकही नाही. जुनीचा तळ सत्तर तुकडे जोडून व्हायचा, नवीचा एकाच साच्यातून ओतून निघतो."

"दोन-चार तरी ठेवायचेस रे, मामाच्या नावाचे."

"थट्टा नको ना."

"मी दिलेली वही वाचलीस?"

"अख्खी. कुठला जोड कधी सुटतो, सगळं होतं त्यात."

"बावीस वर्षं लिहीत होतो. म्हटलं, भाचा नव्या गाडीत तेवढे जोड पक्के करून घेईल."

"मीटिंगमध्ये तीच वही दाखवली, मामा. साहेब म्हणाले, एवढे सुटतात तर जोडच कशाला हवेत?"

"असं म्हणाले?"

"तुमचं नाव सांगितलं मी तिथे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मामीला टाळ्यांचं सांगू नकोस. पेन दे."